मंत्र्याचं उत्तर पाड्यावर तयार होतं

(तालुक्यातल्या प्लॉटधारकांच्या दोन दिवसांच्या शिबिरात, नोव्हेंबर 1993 मध्ये, एका कार्यकर्त्याने केलेलं हे भाषण. ज्या पाड्यांना कापणीमुळे येता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. ज्याला वाचता येतं त्याने संध्याकाळी बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावं.)



काल मघाशी बसलेल्या काकांनी विचारलं, "आमदार मुंबईला, नागपूरला जाऊन करतो काय?" सगळे हसले. पण प्रश्न बरोबर आहे. आपण मत देतो, पाच वर्षांनी परत मत देतो. मधल्या काळात त्या माणसाकडून काय काम करून घ्यायचं हे आपल्याला कोणी सांगितलेलं नाही. आज मी त्यातल्या एकाच कामाबद्दल बोलणार आहे. ते काम म्हणजे मंत्र्याला प्रश्न विचारणं.

घटनेत लिहिलेलं आहे की मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार आहे, आणि दिल्लीचं मंत्रिमंडळ लोकसभेला. जबाबदार म्हणजे काय? म्हणजे विचारलं तर उत्तर द्यावं लागतं. म्हणून सभागृहाचं काम सुरू होतं तेव्हा एक तास प्रश्नांचा असतो. लोकसभेत तो सकाळी 11 ते 12. आमदार किंवा खासदार आधी लेखी प्रश्न देतो. ज्या प्रश्नापुढे तारा छापलेला असतो तो तारांकित. त्याचं उत्तर मंत्र्याने उभं राहून द्यायचं, आणि त्यावर लगेच उपप्रश्न विचारता येतात. तारा नसेल तो अतारांकित, त्याचं उत्तर फक्त लेखी येतं. तास संपला की जे तारांकित राहून गेले त्यांचीही लेखी उत्तरं ठेवली जातात. ही उत्तरं छापली जातात. छापलेला कागद कुणालाही दाखवता येतो, ही गोष्ट ध्यानात ठेवा.

हा हक्क इंग्रजांनी प्रेमाने दिलेला नाही. 1861 च्या कायद्याने कौन्सिलं झाली, पण त्यात प्रश्न विचारायची सोय नव्हती. 1892 साली प्रश्न विचारायची परवानगी मिळाली, पण उपप्रश्न नाही. म्हणजे साहेब जे बोलेल ते ऐकून खाली बसायचं. 1909 साली ज्याने प्रश्न विचारला त्यालाच एक उपप्रश्न विचारता येऊ लागला, आणि 1919 नंतर इतरांनाही. प्रत्येक पायरीला भांडावं लागलं. आणि सत्ता घाबरली की पहिल्यांदा हाच तास बंद करते. 1975 साली आणीबाणी लागली तेव्हा संसदेचं अधिवेशन झालं, पण प्रश्नोत्तराचा तास बाजूला ठेवून झालं. ज्या तासाने काहीच होत नाही, तो बंद करायची गरज कुणाला पडली असती का?

या तासाने काय होऊ शकतं त्याचं एक उदाहरण सांगतो. 1957 साली आयुर्विमा महामंडळाने मुंदडा नावाच्या व्यापाऱ्याच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले. लोकांच्या विम्याचा पैसा होता तो. लोकसभेत प्रश्न आला, पहिल्या उत्तराने कुणाचं समाधान झालं नाही. मग फिरोज गांधींनी कागद हातात घेऊन विषय लावून धरला. ते राज्यकर्त्या पक्षाचेच खासदार होते आणि पंतप्रधानांचे जावई होते, तरी गप्प बसले नाहीत. न्यायमूर्ती छगलांची चौकशी बसली. फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. सुरुवात कुठून झाली? एका प्रश्नापासून.

कुणी म्हणेल, हे दिल्लीचं झालं. परदेशाच्या गोष्टींशी तर आपला काहीच संबंध नाही. असं म्हणू नका. चीनने अक्साई चीनमधून रस्ता काढला हे देशाला कधी कळलं? रस्ता 1957 सालीच पुरा झाला होता. ऑगस्ट 1959 मध्ये लोकसभेत खासदारांनी खोदून विचारलं तेव्हा नेहरूंनी ते सांगितलं. आपल्याकडे परदेशाशी करार करायला सरकारला संसदेची आधी मंजुरी लागत नाही. सरकार सही करून येतं. मग खासदाराच्या हातात विचारण्याशिवाय काय उरतं? आज डंकेल प्रस्तावाचं चाललंय तेही असंच आहे. बियाण्याचा विषय आहे, आपल्या कणगीतल्या बियाण्याचा, पण आपल्याला कुणी विचारलेलं नाही.

आणि धुळे जिल्ह्यातल्या आपल्या भावांकडे बघा. सरदार सरोवरात अक्राणी आणि अक्कलकुव्याची 33 गावं जातात. त्या धरणाला जागतिक बँकेने 1985 साली 45 कोटी डॉलरचं कर्ज दिलं. म्हणजे भिल्ल-पावऱ्यांच्या नागली-ज्वारीच्या शेताचा निर्णय परदेशी कर्जाच्या कागदावर झाला. तिथल्या लोकांनी काय केलं? इथे तर विचारलंच, पण पैसा जिथून येतो तिथेही प्रश्न पोचवला. ऑक्टोबर 1989 मध्ये अमेरिकेच्या संसदेच्या एका उपसमितीपुढे या धरणाची सुनावणी झाली, मेधा पाटकरांनी तिथे साक्ष दिली. 1990 साली जपान सरकारने टर्बाइनसाठीचे पुढचे पैसे थांबवले. मग बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली, तिचा अहवाल गेल्या वर्षी जूनमध्ये आला, आणि या मार्चअखेर आपल्या सरकारने उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. धरण थांबलेलं नाही, लढाई चालू आहे. पण डोंगरातल्या गावाचा प्रश्न परदेशातल्या सभागृहापर्यंत जातो, हे तर दिसलं.

आता आपल्या प्लॉटकडे येतो.

आपली गोष्ट तुम्हाला माहीत आहे, तरी तारखा पुन्हा सांगतो, कारण प्रश्न तारखांवर उभा राहतो. राज्य सरकारचा डिसेंबर 1978 चा निर्णय आहे: 31 मार्च 1978 ला ज्यांचं वनजमिनीवर अतिक्रमण होतं, त्यातली पात्र अतिक्रमणं कायम करायची. आपण त्याला अतिक्रमण म्हणत नाही, आपण आजोबांची जमीन म्हणतो, पण कागदात तो शब्द आहे. मग 25 ऑक्टोबर 1980 ला दिल्लीचा वनसंवर्धन कायदा आला आणि सगळं दिल्लीच्या परवानगीवर जाऊन बसलं. सप्टेंबर 1990 मध्ये दिल्लीच्या पर्यावरण आणि वन मंत्रालयाने परिपत्रकं काढली, त्यात 1980 च्या कायद्याआधीची अतिक्रमणं राज्याच्या धोरणाप्रमाणे कायम करायचा रस्ता दाखवला. म्हणजे कागदावर रस्ता आहे. मग जमीन नावावर का होत नाही?

हेच विचारायला आमच्या पाड्याने आमदारांना अर्ज दिला. साधे गृहस्थ, त्यांनी प्रश्न टाकला. प्रश्न असा होता: "वन खात्याकडून आदिवासींवर अन्याय होत आहे, हे खरे आहे काय?" उत्तर आलं: "हे खरे नाही." खाली दुसरा भाग होता, असल्यास शासनाने कोणती कारवाई केली? उत्तर: "प्रश्न उद्भवत नाही." संपलं. आम्ही रागावलो. पण चूक आमची होती. अन्याय होतो का असं विचारलं तर कुठला मंत्री हो म्हणेल?

दुसऱ्या वर्षी आम्ही पाड्याचं नाव घातलं. किती जणांचे दावे आले, किती तपासले, किती मंजूर केले, असं विचारलं. उत्तर आलं: "सदर पाड्यात 31 मार्च 1978 पूर्वीची वहिवाट आढळून आली नाही."

हे उत्तर कुणी तयार केलं, मंत्र्याने? मंत्र्याने आमचा पाडा बघितलेला नाही. नीट ऐका. प्रश्न विधानभवनातून मंत्रालयात जातो. तिथला कक्ष अधिकारी तो खाली पाठवतो. कॉन्झर्व्हेटरकडून डीएफओ, डीएफओकडून रेंजर, रेंजरकडून राउंडवाला, आणि शेवटी गार्ड. गार्ड लिहितो ते रेंजर पुढे पाठवतो, आणि तेच वर चढत चढत मंत्र्याच्या तोंडी जातं. म्हणजे ज्याच्याबद्दल तक्रार, त्याच्याच वहीतून उत्तर निघतं.

आणि हे कधी होतं? हिवाळी अधिवेशन नागपूरला, डिसेंबरात. डिसेंबरात आपण कुठे असतो? वीटभट्टीवर. दिवाळी झाली, भात झोडून झालं की ठेकेदाराचा ट्रक येतो आणि अर्धा पाडा उचलून नेतो. घरी म्हातारी माणसं आणि कोंबड्या. त्या वर्षी गार्ड आला तेव्हा पाड्यावर सहा-सात म्हातारी होती. त्याने कोऱ्या कागदावर अंगठे घेतले. "रेशनचं काम आहे" म्हणाला. त्यावर मागाहून मजकूर लिहिला गेला. माझ्या चुलत्याचा अंगठा त्यात आहे. ज्या जमिनीवर तो जन्मला, तिच्यावर वहिवाट नाही असं त्याच्याच अंगठ्याने सांगितलं. त्याला हे कळलं तेव्हा तो दोन दिवस जेवला नाही.

पण छापील उत्तर आमच्या हातात आलं. बैठकीत ते वाचून दाखवलं. तेव्हा एक आजी उठली, घरात गेली आणि आढ्याला खोचलेलं बांबूचं नळकांडं घेऊन आली. त्यात दंडाच्या पावत्या होत्या. 1974 ची एक, 1976 च्या दोन. वन खात्याच्याच, नंबर आणि शिक्क्यासकट. नवऱ्याने दंड भरला तेव्हा तिला वाटलं होतं ही लाजेची गोष्ट आहे, म्हणून लपवून ठेवल्या होत्या. आता सांगा, वहिवाट नव्हती तर 1974 साली दंड कशाचा घेतला?

तिसरा प्रश्न आम्ही त्या पावत्यांवर बांधला. अमुक नंबरच्या, अमुक तारखेच्या पावत्या खात्यानेच दिल्या आहेत, हे खरे आहे काय? असल्यास, मागच्या अधिवेशनातील उत्तर कोणत्या तपासणीच्या आधारे देण्यात आले? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? या वेळी उत्तर बदललं: "हे अंशतः खरे आहे. फेरचौकशी करण्यात येईल."

जमीन मिळाली का? नाही. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. अजून एकाही घराच्या नावावर झालेली नाही. पण "फेरचौकशी करण्यात येईल" हे सभागृहात दिलेलं आश्वासन आहे. अशा आश्वासनांचा हिशेब ठेवायला आश्वासन समिती असते. आमदाराला तिच्याकडे जाता येतं. मंत्र्याने जाणूनबुजून खोटी माहिती दिली असेल तर हक्कभंगाची सूचना देता येते. अर्धा तास चर्चा मागता येते, लक्षवेधी लावता येते. आणि दुसरी गोष्ट, त्या उत्तरानंतर आमच्या पाड्यावर गुरं हाकलणं आणि बांध मोडणं थांबलं आहे. रेंजरला ठाऊक आहे की इथलं सगळं वर विचारलं जातं.

मंत्र्यांची उत्तरं ओळखायला शिका. "बाब विचाराधीन आहे" म्हटलं तर पुढच्या अधिवेशनात विचारा, विचार कधी संपणार. "माहिती गोळा करण्यात येत आहे" म्हटलं तर समजा की गार्ड पाड्यावर येणार आहे. "प्रश्न उद्भवत नाही" आलं तर आपला प्रश्न मोघम होता, नाव, आकडा, तारीख घालून परत द्या.

अधिवेशनाला थोडेच दिवस आहेत. म्हणून भट्टीवर जायच्या आधी प्रत्येक पाड्याने एवढं करायचं.

एक. एका वहीत प्रत्येक प्लॉटधारकाचं नाव, बापाचं नाव, प्लॉट कुठे, किती वर्षांपासून, काय पिकतं ते लिहा. विधवा बायांची नावं त्यांच्याच नावाने लिहा, दिराच्या नावाखाली नको.

दोन. घराघरात पावत्या शोधा. दंडाची, गुरं कोंडल्याची, कोर्टाच्या समन्सची, कसलीही. लाज वाटू देऊ नका. तोच आपला सातबारा आहे. मूळ पावती कुणालाही द्यायची नाही, आमदारालाही नाही. नक्कल द्यायची.

तीन. मागे राहणाऱ्या माणसांना सांगून ठेवा: कोऱ्या कागदावर अंगठा नाही. लिहिलेला असेल तर आधी शाळेतल्या पोराकडून वाचून घ्यायचा. पंचनामा असेल तर नक्कल मागायची. पाड्यावर किमान दोन जाणती माणसं थांबतील असं बघा. त्यांची बुडालेली मजुरी सगळ्यांनी मिळून भरायची.

चार. आमदार आपल्या पक्षाचा आहे की नाही हे बघत बसू नका. आपला नाही विचारत तर शेजारच्या मतदारसंघातल्याला विचारायला सांगा. आणि छापील उत्तर आल्याशिवाय त्याला सोडू नका.

पाच. उत्तर आलं की ते पाड्यावर वाचायचं आणि खरं-खोटं तिथेच ठरवायचं. खोटं निघालं तर पुराव्यासकट या पत्रकाकडे पाठवा.

त्या आजीने पावत्या देताना मला विचारलं होतं, "हे कागद मंत्र्याला वाचता येतील का?" मी म्हटलं, वाचता येतात, पण कुणी वाच म्हणावं लागतं. ते म्हणायचं काम आपलं आहे.

जोहार. जिंदाबाद.