जखम पाहून होन



 प्रतापगड आपल्या सातारा जिल्ह्यात आहे. १६५९ च्या नोव्हेंबरात अफजलखानाचा पाडाव झाल्यावर शिवाजी महाराजांनी आपल्या लोकांसाठी काय केले, हे कृष्णाजी अनंत सभासदाने बखरीत लिहून ठेवले आहे. जे पडले त्यांच्या मुलांना चालवले, मुलगा नसेल तिथे बायकोला निमे वेतन लावून दिले, आणि जे जखमी झाले त्यांना जखम पाहून होन दिले: पंचवीस, पन्नास, शंभर, दोनशे. यातला ‘जखम पाहून’ हा भाग मला आकड्यांहून मोठा वाटतो. राजा जखमेकडे पाहत होता. ही जखम आमच्याच चाकरीत झाली याचा पुरावा आण, असे जखमी माणसाला सांगणे त्या व्यवहारात बसत नव्हते. आज साडेतीनशे वर्षांनंतर अपंग होऊन परतलेल्या सैनिकाकडून नेमका तोच पुरावा मागितला जातो. शाबितीचा हा बोजा सैनिकाच्या पाठीवरून उतरवून सरकारने स्वतःच्या खांद्यावर घ्यावा, एवढे एकच म्हणणे मांडायला मी उभा आहे.

आधी अपंगत्वाच्या पेन्शनचा दावा नाकारला कसा जातो ते पाहू. सैनिकाला घरी पाठवण्यापूर्वी त्याचे मेडिकल बोर्ड बसते. डॉक्टर अपंगत्वाची टक्केवारी लिहितात आणि त्याच फॉर्मवर आणखी दोन प्रश्नांची उत्तरे देतात. हा विकार सेवेमुळे झाला का? सेवेमुळे वाढला का? दोन्ही ठिकाणी ‘नाही’ पडले की दावा तिथेच बसतो. इंग्रजी शेऱ्याची आद्याक्षरे जुळवून फौजेत त्याला ‘नाना’ म्हणतात. पूर्ण मुदत भरून निवृत्त होणाऱ्याची टक्केवारी विसाच्या खाली लिहिली गेली, तरीही हात रिकामे. मग पहिले अपील, दुसरे अपील, आणि तेही फेटाळले की मुंबईला सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या खंडपीठापुढे अर्ज. माण-खटावच्या किंवा जत-आटपाडीच्या एखाद्या निवृत्त नाईकाने हा रस्ता कसा तुडवायचा? त्याच्या हातातला कागद इंग्रजीत असतो आणि त्यावर कारणाच्या जागी एखादीच ओळ असते. आपला दावा कशामुळे बुडाला हेच त्या ओळीतून त्याला कळत नाही, तर अपिलात तो खोडून काय काढणार?

आता त्याच माणसाच्या भरतीचा दिवस आठवा. छाती फुगवून पाच सेंटीमीटर वाढते की नाही ते मोजले जाते. गुडघे एकमेकांना टेकतात का, तळपाय सपाट आहे का, कानात मळ आहे का, हे पाहिले जाते. दातसुद्धा मोजतात. एवढ्या चाळणीतून सरकारने स्वतः पारखून त्याला घेतलेले असते. आपल्याकडे पैऱ्याने नेलेला बैल लंगडत परत आला, तर नेणाऱ्याला जाब द्यावा लागतो. बैल मुळातच लंगडा होता असे त्याला म्हणायचे असेल, तर ते त्याने चार माणसांत दाखवून द्यावे लागते. कायदाही हेच सांगत होता. १९८२ च्या पात्रता नियमांनुसार भरतीच्या वेळी ज्या दोषाची नोंद नाही तो दोष तेव्हा नव्हता असे गृहीत धरायचे होते. वैद्यकीय कारणाने घरी पाठवताना झालेली झीज सेवेमुळेच झाली असे मानायचे होते. दावेदाराने काही सिद्ध करण्याची गरज नव्हती आणि वाजवी शंकेचा फायदा त्यालाच मिळणार होता. धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये हेच ठामपणे सांगितले. तो जवान १९८५ साली भरती झाला आणि १९९४ साली फिट येण्याच्या विकारामुळे घरी आला. भरतीच्या कागदावर त्या विकाराची नोंद नव्हती आणि बोर्डाने आपल्या मताचे कारण दिले नव्हते, म्हणून निकाल त्याच्या बाजूने लागला. त्यासाठी एकोणीस वर्षे गेली. १९८२ च्या नियमांतले गृहीतक २००८ च्या नियमांत विरळ झाले आणि २१ सप्टेंबर २०२३ च्या नव्या नियमांनी सैनिकाची बाजू आणखी अवघड केली, अशी माजी सैनिकांची तक्रार आहे. ती तक्रार मला शंभर टक्के रास्त वाटते.

यावर पहिला आक्षेप असा की रक्तदाब आणि मधुमेह शेतकऱ्याला होतात, शिक्षकालाही होतात, मग सैनिकाच्या रक्तदाबाचे पैसे देशाने का द्यावेत? प्रश्न वाजवी आहे, म्हणून उत्तरही नीट देतो. शेतकऱ्याला किंवा शिक्षकाला कुणी हुकुमाने महिनोन्महिने बर्फात, अपुऱ्या झोपेत आणि घरापासून दूर ठेवत नाही. तरीही प्रत्येक सैनिकाचा प्रत्येक आजार सेवेमुळेच झाला, असा माझा दावा नाही. एखाद्याचा आजार आनुवंशिक असेल, व्यसनातून आला असेल, तर बोर्डाने तसे लिहावे आणि कशावरून ते लिहावे. शांत ठाण्यावर असताना आजार कळला, एवढे म्हणून भागत नाही. आजार कळण्याची जागा आणि आजार जडण्याची जागा एकच असते असे कोणता डॉक्टर म्हणेल? जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अपंगत्वाचे पेन्शन देण्याविरुद्धच्या केंद्र सरकारच्या सुमारे तीनशे याचिका फेटाळल्या, त्यातला धडा हाच आहे.

दुसरा आक्षेप गैरवापराचा. महालेखापरीक्षकांनी २०१५-१६ ते २०१९-२० ही वर्षे तपासली, तेव्हा दरवर्षी निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी ३६ ते ४० टक्क्यांना अपंगत्वाचे पेन्शन मिळाल्याचे दिसले. हा आकडा मी लपवणार नाही. पण त्याच तपासणीत जवान आणि खालच्या हुद्द्यांचे प्रमाण १५ ते १८ टक्के होते. खंदकात, चौकीवर, गस्तीवर जास्त कोण असतो? मग कमी टक्केवारी कुणाची यावी? गैरवापर असेल तर तो शोधा, शिक्षा करा, बोर्डाच्या डॉक्टरांनाही जाब विचारा. मात्र त्याच्या नावाखाली नियम आवळले की ज्याला इंग्रजी येते, ज्याला वकील परवडतो तो वाट काढतो आणि आवळले जाणारे मानगूट आपल्या शिपायाचे असते. रक्कम तरी केवढी? शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या तीस टक्के. वीस टक्के अपंगत्व पन्नासपर्यंत पूर्णांकित केले, तरी पगाराच्या पंधरा टक्के. हे पूर्णांकन मुदत भरून निवृत्त झालेल्यांनाही मिळावे म्हणून राम अवतार खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल यायला डिसेंबर २०१४ उजाडला.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त बोचतो: न्यायालये उघडी आहेत की, दाद मागा! दाद मागितली तर काय होते? उशिरा आलेल्याला आधीच्या तीनच वर्षांची थकबाकी मिळेल, हे २००८ च्या तरसेम सिंग निकालाने ठरवून दिले. म्हणजे अज्ञानात, गरिबीत, अपिलांची वाट पाहण्यात गेलेली वर्षे बुडीत खाती. सैनिक जिंकला तर सरकार वर जाते. स्वतः संरक्षणमंत्री असताना गोव्याच्या मनोहर पर्रीकरांनी ही खटलेबाजी कमी करायला तज्ज्ञांची समिती नेमली आणि २०१५ मध्ये तिचा अहवाल आला. तरीही डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला नियंत्रण रेषेवर मरण पावलेल्या जवानाच्या विधवेला कोर्टात खेचल्याबद्दल सरकारला पन्नास हजारांचा दंड करावा लागला. २०१९ च्या नरसिंग यादव निकालासारखे सरकारच्या बाजूचे निकालही आहेत, हे मी मान्य करतो. तिथे न्यायालयाने सांगितले की गृहीतक यांत्रिकपणे लावू नये. ठीक आहे, मग नकारही यांत्रिकपणे लिहू नये.

वाळवा तालुक्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले, १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक जिंकले आणि २०१८ साली पद्मश्री झाले. त्यांचा अभिमान आपण बाळगतोच. पण गोळीची जखम सर्वांना दिसते. मणक्याची, कानाची, मेंदूची झीज दिसत नाही आणि ती घेऊन आलेल्या माणसाला गावही विचारत नाही. पहिल्या महायुद्धात सेहेचाळीस जण गमावलेल्या आपशिंगे मिलिटरीचे नाव आपण भाषणात घेतो, वेशीवर कमानी उभारतो, आणि बोर्ड आउट होऊन आलेल्याला ‘काढून टाकला’ म्हणतो. हा शब्द आजपासून आपल्या तोंडून गेला पाहिजे. याच गावांची मुले आता अग्निवीर म्हणून जात आहेत. त्यांना पेन्शन नाही. पन्नास, पंचाहत्तर किंवा शंभर टक्के अपंगत्वाला अनुक्रमे पंधरा, पंचवीस आणि चव्वेचाळीस लाख एकदाच, तेही सेवेमुळे झाले असे त्या फॉर्मवर लिहिले गेले तर. एका शब्दाने उभे आयुष्य ठरणार आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट ठेवतो. १९८२ चे गृहीतक नियमांत जसेच्या तसे परत यावे. नकाराची सविस्तर कारणे सैनिकाला त्याच्या भाषेत लेखी मिळावीत. न्यायालयांनी निकाली काढलेल्या मुद्द्यांवरची अपिले सरकारने मागे घ्यावीत. आपल्या बाजूने सातारा-सांगली या दोन्ही जिल्ह्यांतल्या डॉक्टरांनी आणि वकिलांनी सैनिक कल्याण कार्यालयांना महिन्यातला एक दिवस द्यावा, आणि लिहिणाऱ्यांनी शौर्यगाथांच्या जोडीला हे फेटाळलेले कागदही वाचून त्यावर लिहावे. पोर फौजेत धाडताना या मातीने सरकारकडे कसलाही पुरावा मागितला नव्हता. मोडून परत आलेल्या पोराकडे सरकारनेही तो मागू नये.