सैनिकांचे जहाज आणि दोन वर्षांचा करार

मित्रांनो, आठवड्याची एकुलती एक सुट्टी, कपडे धुवायचे सोडून इथे आलात, म्हणून थोडक्यात बोलतो. गोष्ट एका जहाजाची आहे, पण शेवटी ती आपल्याच करारावर येणार आहे.

जहाजाचे नाव ‘जनरल स्टुअर्ट हाइंट्झलमन’. १९४५ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या रिचमंडला बांधले. काम एकच, सैनिक वाहणे. एकावर एक लोखंडी बंक, आपल्या कॅम्पातल्या खोलीसारखेच. तोवर महायुद्ध संपत आले होते. मग या जहाजाचे काय करायचे?

तिकडे जर्मनीच्या छावण्यांत लाखो बेघर लोक अडकले होते. एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनियाच्या लोकांना परत जायची सोय नव्हती, कारण त्यांचे देश रशियाने गिळले होते. आणि ऑस्ट्रेलियाला माणसे हवी होती, कामाला. म्हणून १९४७च्या ऑक्टोबरअखेर ८४३ तरुण-तरुणी ब्रेमरहाफेन बंदरातून या जहाजाने निघाले आणि २८ नोव्हेंबरला फ्रीमँटलला उतरले. पुढे दुसऱ्या जहाजाने मेलबर्न, तिथून रेल्वेने बोनेगिला. तीही लष्कराची जुनी छावणीच.

प्रवासाचे भाडे त्यांनी भरले नाही. एजंटला लाखभर रुपये दिले नाहीत, घरची जमीन गहाण टाकली नाही. पण फुकट काहीच नसते. या योजनेची अट होती, सरकार सांगेल तिथे, सांगेल ते काम, दोन वर्षे. फळबागा, रेल्वेमार्ग, लाकूडतोड, ऊसतोड. आपल्या मराठवाड्यातला उचल घेतलेला गडी मुकादमाला सोडून जाऊ शकत नाही, तसेच हे बांधलेपण, फक्त मुकादमाच्या जागी सरकार.

आणखी एक गोष्ट. कागदावर पुरुष म्हणजे ‘लेबरर’, बाई म्हणजे ‘घरकामगार’. शिक्षण काय, कोणी विचारत नव्हते. पुढच्या जहाजांनी डॉक्टर आले, इंजिनिअर आले. त्यांच्या पदव्या तिथे चालल्या नाहीत. डॉक्टर दवाखान्यात वॉर्डबॉय झाले. लग्न झालेल्यांत नवरा एका गावी कामावर, बायको-पोरे दुसऱ्या छावणीत. आपल्यातही डिप्लोमावाले हेल्परच्या व्हिसावर आलेले आहेत, हात वर करायला सांगत नाही.

मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय? दोन फरक आहेत, ते लक्षात ठेवा.

पहिला, पगार. तिथल्या युनियनने अट घातली की या लोकांना आमच्याइतकीच ठरलेली मजुरी द्यायची. युनियनला यांचा फार कळवळा होता म्हणून नव्हे. स्वस्त मजूर आला की आपली मजुरी पडते, हे त्यांना ठाऊक होते. तरी फायदा दोघांचा झाला.

दुसरा, शेवटची तारीख. दोन वर्षे संपली की माणूस मोकळा. हवी ती नोकरी धरा, हवे तिथे राहा, पुढे नागरिकही व्हा. आपल्यातले काही जण बारा-पंधरा वर्षे इथे राबतात आणि अजून कंपनीच्या सहीशिवाय हलू शकत नाहीत.

मी त्या देशाची आरती ओवाळत नाही. त्या जहाजात तुम्हाला-मला जागाच मिळाली नसती, कारण तेव्हा त्यांना फक्त गोरी माणसे हवी होती. ते धोरण जायला १९७३ उजाडले. सांगायचे इतकेच की माणसाला कामाला बांधणारा करारसुद्धा कसा लिहायचा, हे कोणीतरी बसून ठरवत असते. तो बदलता येतो.

म्हणून पुढच्या वेळी सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. तिकीट-व्हिसाचा खर्च कोणाच्या डोक्यावर? याच कामाला शेजारच्याला किती मिळतात? आणि मी मोकळा कधी? उत्तर तोंडी घेऊ नका, कागदावर मागा. त्या कागदाचा फोटो काढून आजच घरी पाठवा. पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात असला, तरी करार तुमच्या हातात राहिला पाहिजे.