'कुर्बान' म्हटलं की घर सुटतं का?



काम आणि घर यांचा मेळ ख्रिस्ती लोक कसा बघतात, यावर मी आज बोलणार आहे. आपल्यासमोर हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण अडचण आपलीच आहे. रत्नागिरीचा मुलगा पुण्यात लॅपटॉपसमोर असतो किंवा आखातात, आणि इथलं घर अम्मी नाहीतर बायको ओढते. शिवाय यातली सगळ्यात बोलकी मराठी गोष्ट आपल्याच जिल्ह्यात सुरू होते.

रेव्हरंड नारायण वामन टिळक 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मले. 1895 साली ते ख्रिस्ती झाले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग अहमदनगरला त्यांच्याकडे आल्या आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळक मोठे कवी, 'ज्ञानोदय'चे संपादक, अंतःकरणाने मोकळे. हातात आलेला पैसा देऊन टाकायचे, कुणालाही घरी जेवायला आणायचे. चूल कशी पेटणार, ही काळजी लक्ष्मीबाईंची. 1917 साली तर त्यांनी मिशनचा पगारही सोडला. 1919 साली ते गेले.

हे सगळं आपल्याला माहीत आहे ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळे. शाळेत न गेलेल्या बाईने लिहिलेलं हे पुस्तक 1934 पासून भागाभागाने आलं. त्यात रडगाणं नाही. नवऱ्यावर माया आहे, विनोद आहे, आणि घराचा पै-पैचा हिशेबही आहे. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुढे नेताना त्यांनी स्वतः 64 अध्याय लिहिले. म्हणजे त्यांच्यातही कवी होता. त्याला वेळ मिळाला तो उतारवयात.

आता बायबल काय म्हणतं? खरं सांगायचं तर दोन्ही बाजूंनी बोलतं. येशूसाठी घरदार सोडणाऱ्यांची तिथे वाखाणणी आहे. टिळकांसारख्यांना बळ तिथून मिळालं असावं. पण मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय वाचा. काही लोक आईबापांना सांगायचे, तुम्हाला जे द्यायचं ते मी 'कुर्बान' केलंय, देवाला वाहिलंय. येशू त्यांच्यावर संतापतो: देवाचं नाव पुढे करून तुम्ही देवाचीच आज्ञा मोडता. शब्द तोच बरं का, आपल्या कुर्बानीचा. हिब्रू आणि अरबी एकाच कुळातल्या. पौलाच्या नावचं पत्र तर सांगतं की घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास न ठेवणाऱ्याहूनही वाईट.

शब्बाथची आज्ञाही बघा. सातव्या दिवशी विसावा कुणाला? तू, मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, दारी आलेला परका. यादी वाचताना मी थबकलो. बैल आहे, बायको नाही. 'तू'मध्ये ती आली, असं भाष्यकार म्हणतात. असेल. पण रविवारी चर्चहून आल्यावर मटण कोण शिजवतं? आणि जुम्याची बिर्याणी?

आपल्याकडे शुक्रवारी नमाजनंतर कामाला लागायची मुभा आहे, सुट्टीची सक्ती नाही. मात्र सलमान फारसींची हदीस सगळ्यांना ठाऊक असेल. अबू दरदा इबादतीत इतके गुंतले की बीबीने स्वतःकडे लक्ष देणं सोडलं. सलमाननी त्यांना घरच्यांच्या हक्काची आठवण दिली आणि रसूलुल्लाहनी (स.) ती खरी ठरवली.

माझ्या धंद्यात 'ऑन-कॉल' नावाचा प्रकार असतो. रात्री दोनला सर्व्हर पडला तर फोन येतो, उठावं लागतं. पण त्याचं वेळापत्रक लावतात, आठवड्याने पाळी बदलते. घरात बायकोची ऑन-कॉल पाळी कधी बदलते? कंपनीचं काम असेल तर आपण निदान कुरकुरतो. समाजाचं काम असलं की कुरकुरही बंद होते, कारण ते सवाबाचं. मला धास्ती या दुसऱ्याचीच जास्त वाटते. 'कौमचं काम आहे' हे वाक्य आपलं 'कुर्बान' होऊ शकतं.

म्हणून एक ठराव मांडतो. आपली बैठक मगरीबनंतर असते, नेमकी स्वयंपाकाच्या आणि मुलांच्या अभ्यासाच्या वेळी. बहिणी येत नाहीत आणि भाऊ घरी नसतात. ती रविवारी सकाळी दहाला, मुलांसकट घ्यावी, आणि चहा भावांनी करावा. विरोध कुणाचा असेल तर आत्ताच बोला.