शून्य सावली आणि माझी खोटी नोंद
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आभार मानण्याआधी मला एक कबुली द्यायची आहे. आठवीच्या उन्हाळी सुटीत भूगोलाच्या सरांनी दिलेला अभ्यास आठवतो का? अंगणात हातभर काठी सरळ रोवायची आणि रोज दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सर्वांत आखूड सावली मोजून वहीत लिहायची. निम्म्या वर्गाने ती वही शाळा उघडायच्या आदल्या रात्री भरली. मी मात्र रोज मोजत होतो. २३ मेच्या दुपारी काठीची सावलीच दिसेना. काहीतरी चुकलं, असं वाटून मी "एक बोट" लिहून मोकळा झालो.

जूनमध्ये सरांनी त्याच ओळीवर बोट ठेवलं. म्हणाले, "दिसलं ते लिहायचं होतं रे."

मग त्यांनी फळ्यावर कललेली पृथ्वी काढली. तिचा आस सुमारे २३.४ अंशांनी कललेला आहे, म्हणून सूर्य डोक्यावर येण्याची जागा वर्षभर कर्कवृत्त ते मकरवृत्त अशी सरकत राहते. आपलं फर्दापूर साधारण २०.६ उत्तर अक्षांशावर. म्हणून इथे वर्षात दोनदा सावली हरवते: २३ मेच्या आणि २० जुलैच्या आसपास. जुलैत आभाळ भरलेलं, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला मात्र दुपारची सावली जवळजवळ काठीएवढी लांब पडते.

सूर्य जवळ येतो म्हणून उन्हाळा होतो, असं तोवर मला वाटे. खरं तर पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीत, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैत ते अंतर १५.२ कोटी होतं. ऋतू होतात ते कलण्यामुळे. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते आणि समुद्रावरचे ओले वारे आत येतात. आस सरळ उभा असता, तर ऋतूच नसते. मग कसला मृग आणि कसली आपली कपाशी!

आस फार कलला तरी पंचाईतच. युरेनस जवळजवळ आडवा आहे. त्याच्या ध्रुवांवर सुमारे ४२ वर्षं उजेड आणि तेवढीच वर्षं अंधार. मंगळ आज २५ अंशांवर आहे, पण त्याचा कल लाखो वर्षांत खूप डोलत आला आहे. आपला कल ४१,००० वर्षांत २२.१ ते २४.५ अंशांमध्येच हलतो, कारण चंद्र त्याला सावरून धरतो. झाक लास्कार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हे गणिताने दाखवलं. एवढ्याशा डुलण्यानेही हिमयुगांच्या येण्या-जाण्याला हातभार लावला आहे.

आज मीही मुलांना भूगोल शिकवतो. मागे एका मुलीने वहीत "सावली नाही" असं लिहून आणलं. "नीट मोजलं नसशील," हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. तेवढ्यात माझी वही आठवली. मी तिला पुढे बोलावलं आणि अख्ख्या वर्गाला तिची नोंद वाचायला लावली.

सर, आपण समोर बसला आहात. ती ओळ आज दुरुस्त करतो. २३ मे, फर्दापूर. सावली: शून्य.