रुग्णालयाच्या दारापासून रुग्णाच्या दारापर्यंत

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



वर्षभराच्या कामकाजाचा तपशील व लेखापरीक्षित ताळेबंद या अहवालाच्या पुढील पानांत दिलेला आहे. तो येथे वाचून दाखवून आम्ही आपला वेळ घेत नाही. आज एकच विषय आपणांपुढे मांडावयाचा आहे. शहरातील गरीब वस्तीत राहून काम करणाऱ्या सेवकाचा दिवस कसा जातो, आणि आपल्या रुग्णालयाने त्यापासून काय घ्यावे, हा तो विषय होय. त्यासाठी आम्ही मुंबईतील ख्रिस्ती मिशनच्या कार्यकर्त्यांची दोन उदाहरणे निवडली आहेत. ज्या भागात हे काम झाले, तो भाग उरणकरांच्या चांगल्या ओळखीचा आहे.

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि लोकल गाडी उरणपर्यंत आली. त्यापूर्वी आपल्याकडील रुग्णास मुंबईस न्यावयाचे, तर खाडीला वळसा घालून रस्त्याने जावे लागे, नाहीतर मोरा बंदरातून लाँच गाठावी लागे. ओहोटीच्या वेळी गाळामुळे लाँच अडे, पावसाळ्यात समुद्र अडवी. भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर मग भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय. आपल्यापैकी अनेकांच्या घरात या प्रवासाच्या आठवणी असतील. त्या रुग्णालयाला लागूनच नागपाडा, मदनपुरा आणि कामाठीपुरा या दाट वस्त्या आहेत.

१९२५ साली क्लिफर्ड मॅन्शर्ट नावाचे एक तरुण अमेरिकन मिशनरी मुंबईत आले. शिकागो विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले होते, आणि १८१३ पासून मुंबईत असलेल्या अमेरिकन मराठी मिशनने त्यांना पाठविले होते. पुढील एक-दोन वर्षांतच मिशनने नागपाड्यात ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ सुरू केले आणि मॅन्शर्ट त्याचे पहिले संचालक झाले. लंडनच्या पूर्व भागात १८८४ साली निघालेले टॉयन्बी हॉल आणि शिकागोत १८८९ साली जेन ॲडम्स यांनी उभे केलेले हल हाऊस यांच्या धर्तीवरचे हे केंद्र होते. गरिबांना भेट देऊन संध्याकाळी आपल्या बंगल्यावर परतावयाचे नाही, तर त्यांच्या शेजारी शेजाऱ्यासारखे वागावयाचे, ही त्यामागील कल्पना. मुंबईत असे काम करणारे ते एकटेच नव्हते. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्येच सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली होती, याचाही येथे आदराने उल्लेख केला पाहिजे.

नागपाड्यात त्या काळी मुसलमान, हिंदू, ज्यू, ख्रिस्ती, पारशी असे सर्व प्रकारचे लोक होते. केंद्रात मुलांसाठी खेळ व व्यायाम, मोठ्यांसाठी वाचनालय व व्याख्याने, स्त्रियांसाठी वर्ग आणि आरोग्यविषयक मदत, अशी कामे चालत. अशा केंद्रातील कार्यकर्त्याचा दिवस कचेरीच्या घड्याळावर चालत नाही. पुरुष कामावरून परततात ती वेळ रात्रीची, स्त्रियांना सवड मिळते ती दुपारची, आणि मुले हाताशी असतात ती संध्याकाळी. सेवकाचा दिवस या तिन्ही वेळांनी बांधलेला असतो. त्यातला बराचसा वेळ ऐकून घेण्यात जातो. कुणाचे मूल खोकते, कुणाचे भाडे थकले, कुणाचा नवरा दारू पितो. यांपैकी कशाचीही पावती फाडता येत नाही.

मिशन म्हटले की धर्मांतराचा प्रश्न मनात येतो, आणि तो येणे स्वाभाविक आहे. सेवेच्या आडून धर्मांतर होऊ नये, हे महात्मा गांधींनी मिशनऱ्यांना वारंवार बजावले होते. नोंद घेण्यासारखी गोष्ट अशी, की मिशनऱ्यांविषयीचे गांधीजींचे निवडक लेखन संपादित करून ‘द महात्मा अँड द मिशनरी’ या नावाने १९४९ साली ग्रंथरूपाने आणले ते मॅन्शर्ट यांनीच. आपल्या क्षेत्रावर झालेली टीका स्वतः संकलित करून लोकांपुढे ठेवणे, हे सेवकाच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आम्ही मानतो.

दुसरे उदाहरण त्याच परिसरातील आहे. मदर तेरेसा यांनी १९५० मध्ये कोलकात्यात मिशनरीज ऑफ चॅरिटी हा संघ स्थापन केला. १९७६ साली या संघाचे ‘आशा दान’ हे निराधारांचे घर भायखळ्यात सुरू झाले. टाकलेली बालके, अपंग, आजारी व निराश्रित यांना तेथे आसरा मिळतो. या भगिनींचा दिनक्रम अत्यंत साधा असतो. पहाटे पाचच्या आधी उठणे, प्रार्थना, बादलीत स्वतःचे कपडे धुणे, मग सफाई, रुग्णांची अंघोळ, भरविणे, जखमा धुणे. बाहेर वस्तीत जावयाचे ते सहसा दोघी-दोघींनी. मालकीच्या म्हणाव्यात अशा निळ्या काठाच्या मोजक्या साड्या. संध्याकाळी पुन्हा प्रार्थना. गरिबाची सेवा ही ख्रिस्ताचीच सेवा, ही त्यांची श्रद्धा आहे. ती श्रद्धा प्रत्येकाची असेल असे नाही, परंतु तेच काम दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि वर्षानुवर्षे त्याच निष्ठेने करण्याचे बळ त्यांना त्यातून मिळते, हे कोणासही दिसते.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९९४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांनी संघाच्या कोलकात्यातील घराला भेट दिल्यानंतर लिहिले, की तेथे माया आहे, परंतु रोगनिदान आणि वेदनाशमन यांची व्यवस्था अपुरी आहे. रुग्णालय चालविणाऱ्यांनी हे विसरता कामा नये. निदानावाचून माया अपुरी पडते. मात्र याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. अचूक निदान झाले, उत्तम औषध दिले, आणि घरी त्या रुग्णाची विचारपूस करणारे कोणी नसेल, तर तेही अपुरेच पडते.

आपल्या तालुक्याकडे पाहिले की हे लगेच ध्यानात येते. १९७० मध्ये सिडको आली, १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. भातशेती व मिठागरांच्या जागी कंटेनर यार्ड आणि गोदामे उभी राहिली. गावोगावी भाड्याच्या खोल्यांच्या चाळी झाल्या, आणि त्यांत परप्रांतांतून व मराठवाड्यातून आलेले कामगार एका खोलीत पाच-सहा जण राहू लागले. यांपैकी एखाद्यास क्षयरोग झाला असे समजा. औषध शासनाकडून विनामूल्य मिळते. पोषणासाठी शासनाकडून दरमहा मिळणारे पाचशे रुपये नोव्हेंबर २०२४ पासून एक हजार झाले आहेत. उपचार साधारणतः सहा महिन्यांचे असतात. परंतु एक-दोन महिन्यांत ताप-खोकला थांबतो, रुग्णास बरे वाटू लागते, ठेकेदार कामावर बोलावतो, आणि औषध सुटते. मग रोग पुन्हा उलटतो, कधी औषधांनाही दाद देत नाही, आणि त्याच खोलीतील इतरांना धरतो. हा रुग्ण केसपेपरवर आपल्याला दिसत नाही, कारण तो आलेलाच नसतो. तो सापडतो केवळ त्याच्या दारी जाणाऱ्या माणसाला.

आमच्या समाजसेविका ताईंचे काम नेमके हे आहे. सकाळी वॉर्डात फेरी, शिधापत्रिका व तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला यांची तपासणी, कोणत्या योजनेत रुग्ण बसतो ते पाहणे. दुपारनंतर वस्तीत जाणे. शस्त्रक्रिया होऊन घरी गेलेल्या मावशींचे टाके कोरडे आहेत का, मधुमेही काकांच्या पायाची जखम रोज धुतली जाते का, बाळंतिणीला जेवण मिळते का, हे त्या पाहतात. कित्येकदा दार बंद असते, कित्येकदा शेजारचा माणूस उलट प्रश्न विचारतो. त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा जातात. नागपाड्यातील कार्यकर्त्याचा आणि भायखळ्यातील भगिनींचा दिवस आम्हाला आपलासा वाटतो तो यामुळेच.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, म्हणून आता हिशेबाचे बोलतो. सोनोग्राफी यंत्र घेतले की ते भांडवली खर्चात जाते, मालमत्तेच्या बाजूस दिसते, त्यावर दात्याचे नाव कोरता येते. समाजसेविकेचे वेतन महसुली खर्चात जाते आणि ३१ मार्चला संपून जाते. नाव कोरावे असे त्यात काहीच उरत नाही. म्हणून खर्चाला कात्री लावावयाची वेळ आली की पहिली नजर या पदाकडे वळते. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवावयाच्या असतात, आणि बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. त्या निधीतून रुग्णाचे बिल भागते. रुग्णाच्या घरापर्यंत जाण्याचे काम त्याने भागत नाही.

या बाबतीत दात्यांनी पूर्वी काय केले, ते पाहण्याजोगे आहे. मॅन्शर्ट यांचा अनुभव असा, की चांगली इच्छा पुरत नाही, प्रशिक्षित माणसे लागतात. सर दोराबजी टाटा ट्रस्टने हे म्हणणे मान्य केले आणि १९३६ साली समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय सुरू केले. त्याचे पहिले वर्ग नागपाड्याच्या त्या केंद्रातच भरले, आणि १९४१ पर्यंत मॅन्शर्ट त्याचे संचालक होते. १९४४ मध्ये त्याचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था असे झाले आणि १९५४ मध्ये ती देवनारला गेली. त्याच ट्रस्टच्या देणगीतून १९४१ साली परळचे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. म्हणजे यंत्रे व इमारत यांवर पैसा लावणाऱ्या दात्यांनी माणसे घडविण्यावरही पैसा लावला. त्याचे फळ रुग्णालयांनाच मिळाले. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली, आणि ती देशातील अशी पहिली नेमणूक मानली जाते. आशा दानची जागा हिंदुस्थान लिव्हर कंपनीने दिली, आणि इमारतीची देखभाल, दुरुस्ती व सुरक्षा यांचा खर्चही उचलला. हा रोजचा, न दिसणारा खर्च कोणीतरी उचलला, म्हणून भगिनींना आपले सारे लक्ष रुग्णांकडे देता आले.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आणि आपणां देणगीदारांपुढे आमची नम्र विनंती आहे. समाजसेविकेच्या पदासाठी एक कायम निधी उभारावा. मुद्दल बँकेत राहील, व्याजातून वेतन व प्रवासखर्च भागेल, आणि कोणत्याही वर्षीच्या तुटीमुळे हे पद धोक्यात येणार नाही. या निधीचा हिशेब अहवालात स्वतंत्र परिशिष्टात छापला जाईल. त्यासोबत दोन अटीही आम्ही सुचवितो. पहिली, या कामात जात, धर्म, प्रांत वा पक्ष पाहिला जाणार नाही, आणि सेविका कोणाचाही प्रचार करणार नाही. दुसरी, ज्या घरी त्या जातील त्या घरातील गोष्ट संस्थेच्या बाहेर, दात्यांपर्यंतसुद्धा, जाणार नाही. गरिबाच्या आजाराची गोष्ट ही त्याची स्वतःची असते. देणगीच्या मोबदल्यात ती देता येत नाही.

रुग्णांच्या आप्तेष्टांनाही एक सांगणे आहे. ताई आपल्या दारी आल्या, तर त्या बिलाच्या वसुलीसाठी आल्या आहेत असे कृपया समजू नये. औषध बंद केले असेल तर तसे निःसंकोच सांगावे. त्यांना खरे सांगितले, तर डॉक्टरांना योग्य उपचार करता येतात.