गटाच्या संगणकावर प्रत्येकीचं खातं

बचत गटाचं बँकेतलं खातं म्हटलं की कोणाच्या सह्या लागतात, पासबुक कोणाकडे असतं, सगळं आपल्याला पाठ. पण गटाच्या संगणकावर मात्र सगळ्या जणी एकाच नावाने, एकाच पासवर्डने बसतात. कोकम आगळाचा हिशेब, मसाल्याच्या ऑर्डरी, कर्जाचे हप्ते, सगळं त्या एका नावाखाली. उद्या हप्त्याचा आकडा बदललेला दिसला तर विचारायचं कोणाला? कुजबूज तिथूनच सुरू होते.

ही अडचण जुनीच. अमेरिकेतल्या एमआयटीत १९६१ साली एकच मोठा संगणक अनेकांनी वापरायची सोय दाखवली गेली. ज्याचं काम त्याच्याकडे राहावं म्हणून तिथे पासवर्ड आले.

तुमच्या संगणकावर उबुंटू किंवा आपल्या सी-डॅकचं बॉस लिनक्स असेल, तर टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडा. इंग्रजी लहान अक्षरांत ‘सुडो’ लिहा, जागा सोडा, ‘ॲडयूझर’ लिहा. ए, डी, डी, यू, एस, ई, आर, सगळं जोडून. पुन्हा जागा सोडून मैत्रिणीचं नाव लिहा आणि एंटर दाबा. आधी तुमचा पासवर्ड विचारेल, मग तिचा नवा, दोनदा. तो तिलाच टाकू दे, तुम्ही खिडकीबाहेर बघा! टाइप करताना बहुधा पडद्यावर काहीच उमटत नाही. ‘कीबोर्ड मेलो काय?’ असं वाटेल, पण घाबरू नका, अक्षरं आत जात असतात. पुढे पूर्ण नाव, खोली, फोन विचारतो. नुसतं एंटर चालतं. शेवटी ‘वाय’.

आता तिचं स्वतंत्र घर तयार झालं. तिने बनवलेल्या फाइलीवर मालकीण म्हणून तिचं नाव लागतं. पण सगळ्या जणी एकाच फाइलीत लिहीत राहिल्या, तर कोणता आकडा कोणी बदलला हे नुसत्या खात्यावरून कळणार नाही. म्हणून कर्जाच्या वहीत लिहिणारी एकच असावी, बाकीच्यांना ती फक्त वाचता यावी.

नव्या खात्याला ‘सुडो’चा अधिकार आपोआप मिळत नाही, हे बरंच आहे. बँकेत एकीच्या सहीवर भागत नाही; इथे सुडोवाली एकटी सगळं उलटंपालटं करू शकते. तो अधिकार दोघींकडेच ठेवा, म्हणजे एक आजारी पडली तरी काम अडत नाही.

आणि सचिव बदलली, कोणी लग्न होऊन मुंबईला गेली, तर खातं पुसू नका. ‘सुडो यूझरमॉड’, मग आडवी रेघ आणि तिला चिकटून मोठा एल, पुढे तिचं नाव. तिच्या पासवर्डला कुलूप लागतं, जुने हिशेब तिच्या नावाने जागच्या जागी राहतात.