कामावर नाव कुणाचं?

मी मुलुंडला वस्तीतल्या बचत गटांचं काम बघते. आज मेंदूवर संशोधन करणाऱ्या एका मराठी बाईंविषयी बोलायचंय. हा विषय आपला नाही म्हणून रेडिओ बंद करू नका. बोलता बोलता आपण आपल्याच पासबुकापर्यंत येणार आहोत.

बाईंचं नाव डॉ. शुभा तोळे. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात शिकल्या, पुढे अमेरिकेत. १९९९ पासून कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहेत. गर्भात मेंदू कसा घडतो, हे त्या शोधतात. प्रयोग उंदरांवर असतात. त्यात त्यांना असं दिसलं, की एक ठरावीक जनुक बंद पडलं तर त्या पेशी शेजारच्या पेशींना चुकीचा हुकूम देतात आणि आठवणींसाठी लागणारा मेंदूचा भाग भलत्याच जागी तयार व्हायला लागतो. हे संशोधन २००८ साली ‘सायन्स’ या मोठ्या नियतकालिकात छापून आलं. बाईंना २०१० साली भटनागर पुरस्कार मिळाला, २०१४ साली इन्फोसिस पुरस्कार.

शास्त्रज्ञाचं काम असं लेखातून छापून येतं. लेखावर काम करणाऱ्या सगळ्यांची नावं असतात. २००८ च्या त्या लेखावर दहाहून जास्त नावं आहेत आणि पहिलं नाव आहे एका विद्यार्थिनीचं. ज्याने हाताने जास्त काम केलं, त्याचं नाव आधी, अशी त्या क्षेत्रातली रीत आहे.

पुढे दुसऱ्या कुणी त्या कामाचा आधार घेतला, तर त्याने आपल्या लेखाच्या शेवटी तसं लिहायचं असतं. पापड विकताना ‘ही कृती अमक्या काकूंनी शिकवली’ असं सांगावं, तसं. अशा उल्लेखांची मोजणी होते. २००५ मध्ये हिर्श नावाच्या शास्त्रज्ञाने एक हिशेब काढला. तुमच्या दहा लेखांचा प्रत्येकी किमान दहा वेळा उल्लेख झाला असेल, तर तुमचा आकडा दहा. नोकरी, बढती, संशोधनाचा पैसा देताना हा आकडा बघितला जातो.

आकडा सगळं सांगत नाही. कुणी चूक दाखवायला नाव घेतलं, तरी तो उल्लेख मोजला जातो. बाळंतपणात थांबलेली दोन वर्षं त्यात दिसत नाहीत. आणि लग्नानंतर आडनाव बदललं की आधीचे लेख एका नावावर, नंतरचे दुसऱ्या नावावर. बाई एकच, पण हिशेबात दोन अर्ध्या बाया. शुभाताईंचे यजमान संदीप त्रिवेदी हेही शास्त्रज्ञ आहेत, पण ताईंच्या लेखांवर नाव तोळेच राहिलं. २०१२ पासून शास्त्रज्ञांना सोळा आकडी कायमचा क्रमांक मिळायला लागला. नाव बदललं तरी क्रमांक तोच.

आता आपल्याकडे या. आमच्या गटातल्या एका ताईंचं आधारवर सासरचं नाव, पासबुकावर माहेरचं आणि रेशनकार्डावर नुसतं ‘सौ.’ लिहून नवऱ्याचं नाव. सहा वर्षं एकही हप्ता चुकला नव्हता. तरी कर्जाची फाईल दोन महिने अडकली, कारण ती हप्ते फेडणारी बाई हीच, हे कागदावर दिसत नव्हतं. त्या मला म्हणाल्या, “ताई, पैसे मीच भरले ना? मग मी कोण आहे?” मला उत्तर सुचलं नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत दोन कामं करा. आधार, पासबुक, रेशनकार्ड शेजारी शेजारी ठेवा आणि नावाचं अक्षर न् अक्षर जुळवा. कुठलं नाव ठेवायचं ते तुम्ही ठरवा, पण सगळीकडे एकच ठेवा. आधारवरचं नाव दोनदाच बदलता येतं, तेव्हा विचार करून बदला.

दुसरं काम वहीचं. मसाला कुणी कुटला, शिवण कुणी शिकवलं, बाजारात माल कुणी नेला, ते नावानिशी लिहा. ‘गटाने केलं’ एवढ्यावर थांबू नका. प्रयोगशाळेत विद्यार्थिनीचं नाव पहिलं लागतं, तर आपल्या वहीत मसाला कुटणारीचं का लागू नये?